दुसऱ्या चौधरींचं टेबल

परवाच्या रविवारी माझ्या हातून एक गोष्ट घडली. छोटीशीच... पण मनातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

धुळ्याहून धाकटी बहीण आणि तिचे मिस्टर आले होते. आम्ही चौघं जळगावबाहेरच्या एका हॉटेलात शेवभाजी खायला गेलो. दुपारचा दीड, आणि बाहेर ही गर्दी! दारातल्या मुलाने वहीत नाव लिहून घेतलं... चौधरी, चार.

बाकावर माझ्या शेजारी सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी बसली होती. चोपड्याकडची. आईवडील, लहान भाऊ आणि आजी तिला होस्टेलला सोडायला आले होते. पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी रस्त्यापलीकडे लिंबाखाली, आणि बाकीचं कुटुंब त्या सामानाभोवती.

"तीनला ऑफिस बंद होतं, काकू. आणि आत गेलं की पंधरा दिवस बाहेर सोडत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून बाबा म्हटले, आधी सगळे मिळून जेवू."

मग आईने हाक मारली, तशी ती पलीकडे गेली.

दोन वाजले असतील. दारातून आवाज आला... "चौधरी, पाच!"

आपल्या खान्देशात चौधरी म्हटलं की निम्मा बाजार मागे वळून बघतो. पण पाच म्हटलेलं मला स्वच्छ ऐकू आलं होतं. आम्ही चार होतो, आणि आमच्याआधी बरेच जण बसले होते, हेही मला माहीत होतं.

क्षणभर थांबले... दुसरं कोणीच उठेना. बहीण म्हणाली, "ताई, चल ना. कोण मोजतंय?" आणि मी उठले. गुडघे दुखत होते, भूक लागली होती... कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

आम्हा दोघी बहिणींची शाळा कॉन्व्हेंटची. पाण्याच्या नळापाशी आमची रांग लावून दिली की सिस्टर मुद्दाम पाठ फिरवून उभ्या राहायच्या. पहिलीत असताना मला वाटायचं, यांचं लक्षच नाही! पुढे कळलं, त्या पाठीलाच आम्ही सगळ्या घाबरायचो. त्या पांढऱ्या झग्याची मला अजून आठवण येते.

टेबल खिडकीजवळचं होतं. पापड आले, कांदा-लिंबू आलं. मिस्टर आणि मेव्हणे कापसाच्या गप्पांत रंगले.

तेवढ्यात खिडकीतून दिसलं... त्या मुलीचे वडील दारातल्या मुलाला काहीतरी विचारत होते. त्याने वही बघितली आणि म्हणाला, "चौधरी पाच ना? बसले की ते आत!"

त्यांनी आत पाहिलं. आमचं टेबल पाहिलं, आम्हाला मोजलंही असेल. आणि टोपी सारखी करत रस्ता ओलांडून परत गेले... भांडले असते तर बरं झालं असतं.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. हातातला पापड खाली ठेवला. मी उठले. मिस्टर म्हणाले, "अगं, भाजी येतेय!" मी म्हटलं, "ती आपली नाही. उठा सगळे."

लिंबाखाली जाऊन सांगितलं, नंबर तुमचा होता, मला ऐकू आलं होतं, तरी मी बसले.

आजी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "शिकेल-सवरेल दिखस बाई तू! नि आमना नंबरवर जाई बसनी?"

"राहू दे माय," वडील मध्ये पडले. "अक्का, तुम्ही जेवी ल्या. ताटवरथून कोनले उठाडू नही." वाढलेल्या ताटावरून कोणाला उठवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. माझी चूक असूनही ते ती माझ्यासाठी पाळत होते... मला फार लाज वाटली.

"अजून पापडच आलेत, भाऊ," मी म्हटलं. "ताट वाढायचंय. चला लवकर, तीनला ऑफिस बंद होईल."

ते पाचजण आत गेले, आम्ही बाकावर. बहीण थोडा वेळ फुरंगटून बसली, मग स्वतःच म्हणाली, "सिस्टरने आज आपल्या दोघींना अंगठे धरायला लावले असते!" दोघी हसलो. खिडकीतून दिसत होतं, लेकीच्या ताटात आई सारखी भाकरी वाढत होती आणि लेक हाताने नको नको करत होती.

तीनला दहा कमी असताना सगळे घाईने बाहेर पडले, रिक्षात पेटी चढवू लागले. आजी मात्र आतच! वेटर उठवतोय आणि त्या खुर्ची सोडत नाहीत. तिथूनच मला हाक... "ये वं बाई! मी टेबल धरी ठेवेल शे!"

सगळी रांग हसली. मी दारातून म्हटलं, "आजी, आमच्याआधी अजून तीन नंबर आहेत."

त्या उठल्या. जाताजाता माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "शहानी शे," म्हणाल्या. साठी ओलांडल्यावर असं कोण म्हणतं आपल्याला?

ती मुलगी वेळेत पोचली का, मला कळायला मार्ग नाही. पोचली असेलच... होस्टेल तिथून दहा मिनिटांवर. पण आम्ही पापड मोडत बसलो होतो, ती दहा मिनिटंही त्यांचीच होती. टेबल परत देता आलं, ती नाही देता आली.