लेथ शेडमधला उजेड

बेळगावला पोस्टिंग मिळालं तेव्हा घरात पेढे वाटले. राजस्थान, आसाम, जम्मू असं फिरून झाल्यावर मी शेवटी मच्छेतल्या स्वतःच्या घरातून मोटारसायकलवर ड्यूटीला जाऊ लागलो. मी हवालदार, ट्रेड इलेक्ट्रिशियन. आमचं वर्कशॉप फौजेच्या गाड्या दुरुस्त करायचं. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे बंदूक. अहो, माझ्या हातात बावीस वर्षं टेस्टर होता.

लेथ शेडमध्ये लोखंड फिरवून कापणारी सहा मशीन. खिडक्या वर आणि लहान, म्हणून भर दिवसाही ट्यूब लागायच्या. या ट्यूब तीन फेजवर वाटलेल्या होत्या. एक पहिल्या फेजवर, शेजारची दुसऱ्यावर, पलीकडची तिसऱ्यावर. कुणा जुन्या शहाण्या माणसानं ते तसं केलं होतं आणि त्याला कारण होतं. ट्यूब सतत पेटलेली वाटते, पण तशी ती नसते. सेकंदाला शंभर वेळा मंदावते. डोळ्याला ते कळत नाही. पण लेथचा चक, म्हणजे काम पकडणारं गोल चाक, बरोबर त्या लुकलुकण्याच्या वेगात सापडला तर फिरत असूनही थांबलेला दिसतो. चार जबड्यांचा चक दोन लुकलुकींच्या मध्ये पाव फेरी मारतो. पहिल्या जबड्याच्या जागी दुसरा येतो आणि डोळा म्हणतो, हललंच नाही. तीन फेज असल्या की एक ट्यूब मंदावते तेव्हा शेजारची पेटलेली असते, आणि चक फिरताना दिसतो.

जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. शेडचे इन्चार्ज सुभेदार साहेब निपाणीकडचे. मी त्यांना एकटे असताना आप्पा म्हणायचो. माझ्या लग्नाला आलेले, माझ्या बापाच्या तेराव्यालाही. आठ दिवस आधी ते म्हणाले,

"संभा, सगळ्या ट्यूबा एकाच स्विचवर घे. साहेब दारात आलं की बटन दाबायचं, शेड एकदम झगमगाय पायजे."

"आप्पा, एकच स्विच म्हणजे एकच फेज. तसं घ्यायला नको. चक थांबल्यागत दिसतो."

"आठ दिसाचा तर प्रश्न हाय. मी हाय न्हवं?"

ऑर्डर तोंडी होती. मी वायर ओढली. लेथवरचे जुने पिवळे बल्बही काढले, कारण ते मळकट दिसत होते.

नायक परशराम माझा जोडीदार. खानापूर तालुक्यातला, भातशेतीच्या घरातला. मशीनिस्ट. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. मी कांदा बुक्कीनं फोडला की हा म्हणायचा, "सरकारी हात हाय रं, जपून वापर."

इन्स्पेक्शनच्या दोन दिवस आधी रिहर्सल. शेड कामात दिसावी म्हणून सहाही मशीन रिकामीच चालू ठेवायची होती. नेहमी आम्ही बाह्या कोपरावर दुमडून काम करायचो, त्या दिवशी ऑर्डर होती, बाह्या खाली, बटणं बंद. वेळ १११५. मी दारात स्विचपाशी उभा. शेजारच्या कॉम्प्रेसरनं कान बधिर झाले होते.

सुभेदार साहेब ओरडले, "परशराम! तुझ्या चकावर तेल हाय. पूस!"

परशराम वळला. त्यानं चकाकडे पाहिलं. मीही पाहिलं. चक थांबलेला होता. शपथेवर सांगतो, थांबलेला होता. मला वाटलं, मशीनचा पट्टा सरकला असेल. त्यानं कापूस घेऊन हात पुढे केला आणि बाही आत गेली.

मेन स्विच पाडायला मला तीन सेकंद लागले असतील. ११५० ला हॉस्पिटलच्या वाटेवरच त्यानं जीव सोडला.

दुपारी सुभेदार साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते.

"संभा, वायरिंग आजच्या आज पयल्यासारखं कर. आनि कुनाचा जीव जायला नको."

मला ते पटलं. उलट बरं वाटलं, की साहेबांना माणसांची काळजी आहे. चार वाजेपर्यंत मी सगळ्या ट्यूब परत तीन फेजवर जोडल्या, बल्बही बसवले. मूर्ख मी! शुद्ध मूर्ख!

दुसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी. समोर एक मेजर साहेब आणि दोन ऑफिसर.

"सुभेदार साहब, लाइट की वायरिंग बदली थी?"

"नो सर. पहले से ऐसी ही है."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी मान वळवली नाही. माझी पाळी आली तेव्हा मी सगळं सांगितलं.

"रिटन ऑर्डर?"

"नहीं सर. जबानी."

"चलो, दिखाओ."

शेडमध्ये गेलो. लेथ चालू केला. चक फिरत होता आणि फिरताना स्वच्छ दिसत होता. लहान पोरालाही दिसला असता.

"हवालदार, यह तो घूमता दिख रहा है."

"सर, कल शाम को मैंने वायरिंग वापस की."

"किसके कहने पर?"

मी सुभेदार साहेबांकडे बोट केलं. ते म्हणाले, "नो सर."

मी दोन तास मागितले. पुन्हा तसं जोडून दाखवतो म्हणालो. मेजर साहेबांनी घड्याळ पाहिलं. "इन्स्पेक्शन के बाद देखेंगे." नंतर कुणी पाहिलं नाही. कागदावर आलं, नायक परशराम यांच्या हलगर्जीपणामुळे अपघात.

इन्स्पेक्शन उत्तम झालं, असं रोल कॉलला सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण फॉलइनमध्ये, रांगेत उभं असताना, तोंड उघडता येत नाही.

रिटायर झाल्यावर एकदा खडेबाजारात आप्पा भेटले. हातात कापडाची पिशवी, केस पांढरे.

"झालं गेलं गंगेला मिळालं रं, संभा. पोरगी लग्नाची हुती. माझी नोकरीची दोनच वरसं उरलीती."

"आप्पा, तुम्ही केसानं गळा कापलासा," मी म्हणालो. "माझा सोडा. मेलेल्याचा कापलासा." आजूबाजूचे लोक बघायला लागले. आप्पा निघून गेले. रामराम मी केला नाही.

तिथून मी घरी गेलो नाही. खानापूरला परशरामच्या घरी गेलो. त्याची बायको सुनंदा मला भावोजी म्हणते. इतकी वर्षं दिवाळीला जायचो, फराळ देऊन निघून यायचो. लाज वाटायची. वायर माझ्या हातची ना! त्या दिवशी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, माझ्या हातासकट.

ती म्हणाली, "तवा तापलाय का बघायला ते हात उलटा करून लांबनं बघायचं. गॅस बंद केला की दोनदा उठून बघायचं. मी हसायची. त्या मानसाला कागदावर हलगर्जी लिवलंय. सासरे तोच कागद उशाशी घिऊन गेलं, भावोजी."

"चुकलो मी."

"मला न्हाय, तिथं सांगायचं हुतं."

"सांगितलं व्हतं. कुनी मानलं न्हाय."

"तोंडी सांगितलंसा. तोंडी सगळीच सांगत्यात." तिनं आतून वही आणून माझ्यापुढं ठेवली. "लिवून द्या."

ते हे.

नायक परशराम, ट्रेड मशीनिस्ट, वय बत्तीस. हात पुढे करण्याआधी त्यानं चकाकडे नीट पाहिलं. मी दारातून पाहत होतो. त्याला चक थांबलेला दिसला, मलाही दिसला. त्या उजेडात कुणालाही तसाच दिसला असता. तो उजेड तोंडी ऑर्डरवरून मी जोडला आणि तोंडी ऑर्डरवरून मीच तोडला. परशरामची चूक नव्हती.