विहीणबाईंच्या मागे दरेकसाचा घाट

जावईबापू पुण्याहून दर सोमवारी आम्हा दोघींना फोनवर सरावाचा तक्ता पाठवायचे. त्या आठवड्यात शनिवार-रविवारसमोर त्यांनी एवढंच लिहिलं होतं : घाट, एकूण सहा वेळा.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझ्या विहीणबाई, त्यांची आई. मी बावन्न वर्षांची, गोंदियात शाळेवर गणित शिकवते, फुलचूरला राहते. त्या छप्पन्नच्या, मुर्रीला त्यांची शेती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावईबापूंनी आपली रेसिंगची सायकल आणली होती. विहीणबाईंनी पदर खोचला, सायकल घेतली आणि गावाला एक चक्कर मारून आल्या. लाजत लाजत मीही मारली. वर्षभरात दोघींकडे तशा सायकली आल्या आणि फेब्रुवारीतल्या दोनशे किलोमीटरच्या राईडला आम्ही नावं देऊन बसलो. साडेतेरा तासांत पुरी करायची होती.

आता एक खरं सांगते. मी मुलीकडची. विहीणबाईंना आधी पाट, आधी ताट, हे आईनं माझ्या अंगात इतकं मुरवलं होतं की ते सायकलवरही सुटेना. त्या पुढे, मी मागे. सपाटीवर त्यात काही खोटं नव्हतं, कारण तिथे त्या माझ्यापेक्षा जोरात होत्या. वर्षानुवर्षं साध्या सायकलवर दुधाचे डबे गोंदियाला आणलेले पाय ते.

शनिवारी उजाडायच्या आत निघालो. थंडी अशी की ब्रेकवरची बोटं बधिर. आमगावला पोहा-चना खाल्ला तेव्हा कुठे तोंड उघडून बोलता आलं. पुढे धान निघालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, लाखोळीची डाळ हिरवीगार पसरली होती. सालेकशाला विहीणबाईंच्या भावाकडे पिशव्या टाकल्या आणि दरेकसाच्या रस्त्याला लागलो.

हा घाट काही फार मोठा नाही. सह्याद्रीतले सायकलवाले तो बघून हसतील. पण आमच्या जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे बांध्या आणि तलाव, त्यामुळे आम्हाला तोच हिमालय. पहिल्यांदा चढलो. उतरलो. दुसऱ्यांदा चढताना अर्ध्यावर विहीणबाईंनी अचानक पाय टेकवला.

"तुमच्या चाकाची कटकट ऐकू येऊन राहिली मले," त्या म्हणाल्या.

मी ब्रेक दाबून उतरले.

"चढावर पायडल थांबवून राहिल्या तुम्ही? काऊन?"

झालं होतं असं की चढावर माझे पाय त्यांच्यापेक्षा हलके चालत होते. पुढे निघून जाऊ नये म्हणून मी मध्येमध्ये पायडल थांबवायचे, की मागचं चाक कटकटायचं. उतारावर तो आवाज कुणाच्या लक्षात येत नाही. चढावर तो यायलाच नको.

"तुमच्या पुढे कशी जाऊ, विहीणबाई?" मी म्हटलं.

"लगनात मान देल्ला, झालं. इथं कायले?" त्यांचा चेहरा घामानं आणि रागानं लाल झाला होता. "मी इथं जीव काढून राहिली, अन् तुम्ही मले खेळवून राहिल्या!"

मला वाटत होतं, मी मान देतेय. त्यांना तो अपमान वाटला होता, आणि तिथे उभं राहून विचार केला तर त्यांचंच बरोबर होतं. वर्गात एखाद्या मुलीला मुद्दाम सोपं गणित घातलं आणि तिला ते कळलं, तर ती असंच बघते.

उरलेला चढ आम्ही संपवला आणि सालेकशाला परतलो. संध्याकाळी भावाकडे त्या भावजयीशी धानाच्या भावाबद्दल बोलत बसल्या. मला भात वाढला, वरण वाढलं, पण शब्द एक नाही.

रविवारी सकाळी सायकलींमध्ये हवा भरताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज पुढं जा. मागं पाहाचं नाई."

गेले. पहिल्या वळणाला जरा कचरले, मग पायांनीच ठरवलं. गिअर हलका केला, मान खाली घातली आणि चढत गेले. छातीचे ठोके कानात वाजत होते. खालून बोगद्यात शिरणाऱ्या मालगाडीचा भोंगा आला. वर पोचले तेव्हा मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. आजूबाजूला फक्त माकडं होती, म्हणून ओरडलेच.

विहीणबाई चार मिनिटांनी आल्या. "हं," एवढंच म्हणाल्या आणि सायकल वळवली. पुढच्या खेपेला सात मिनिटांनी आल्या. तिसऱ्या खेपेला पंधरा मिनिटं झाली तरी त्यांचा पत्ता नाही. मी सायकल वळवली. भर्रकन खाली उतरले.

एका वळणाशी कुडाच्या घरासमोर त्यांची सायकल कुंपणाला टेकलेली दिसली. विहीणबाई अंगणातल्या खाटेवर पडलेल्या, आणि एक म्हातारी गोंड बाई त्यांच्या पोटरीला तेल चोळत होती. पायात गोळा आला होता.

"वर कोन हाय तुमचं?" म्हातारीनं मला विचारलं.

"कोणी नाही."

"मंग कायले जाता घडीघडी?"

मी विहीणबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांना हसू फुटलं आणि हसताना पोटरी पुन्हा दुखली म्हणून त्या "आई गं" म्हणून परत हसल्या. म्हातारीला काही कळलं नाही, पण तिनं चोळणं थांबवलं नाही. विहीणबाईंनी तिला खिशातले मुर्र्याचे, म्हणजे चुरमुऱ्यांचे, लाडू दिले.

"चला, घरी जाऊ आता," मी म्हटलं.

"माहे दोन राहिले ना!" त्या उठून बसल्या.

तिसऱ्या खेपेचा चढ त्यांचा अर्धाच झाला होता : त्यांचे दोन, माझा एक. ते दोन्ही मी त्यांच्या शेजारून चढले. "पुन्हा मान?" त्यांनी डोळे बारीक केले.

"मान नाही. तुमचा पाय पुन्हा गेला तर जावयाला तोंड मला दाखवायचं आहे."

तशाच, पायी जाणाऱ्यापेक्षा जेमतेम जोरात, आम्ही वर गेलो. श्वास पुरेल तेवढं बोललो : माझ्या मुलीचा तापटपणा, त्यांच्या मुलाचा आळस. लग्न ठरवताना दोन्ही घरांनी एकमेकांपासून लपवलेलं बरंच काही त्या चढावर बाहेर आलं.

परतीला समोरून वारा होता. सालेकशापासून विहीणबाई पुढे झाल्या आणि मी वारा अडावा म्हणून त्यांच्या चाकामागे जीव मुठीत धरून चिकटले. आमगावला आलूबोंडे खाल्ले, दोन-दोन प्लेटा. फेब्रुवारीत दोनशे किलोमीटर आम्ही पुरे केले, वेळ संपायला पंचवीस मिनिटं बाकी असताना. चढावर मी पुढे गेले आणि वर थांबले, सपाटीवर त्या पुढे गेल्या. त्या मात्र माझ्यासाठी कुठेही थांबल्या नाहीत.