मावशीच्या टाचेतली दोन भोकं

शहराच्या पूर्वेला एक टेकडी आहे. टेकडीवर फिरायला जायची पायवाट आणि तिच्या पायथ्याशी दोन बागा, या एवढ्या परिसरात एकूण सव्वीस शिल्पं आहेत. कोणी दगडाची, कोणी काशाची. चोच वर केलेला बगळा आहे, पाठीवर मुलं बसतात ते कासव आहे, एकमेकांच्या कानात काहीतरी सांगणाऱ्या दोन म्हाताऱ्या आहेत. या सव्वीस जणांची न्हाणीधुणी एकतीस वर्षं एकाच माणसाने केली. उद्यान कार्यालयाच्या कागदांत तो ‘देखभाल कामगार’ होता. फिरायला येणाऱ्यांच्या तोंडी मात्र मेणकाका.

हे नाव पडायला कारण होतं. काशाच्या मूर्तीला वर्षातून दोनदा मेण लावावं लागतं. मूर्ती आधी धुवायची, सुकू द्यायची, दुपारचं ऊन खाऊन ती चांगली तापली की ब्रशने मेणाचा पातळ हात द्यायचा, आणि निवल्यावर जुन्या सुती कापडाने घासायचं. मेणकाकांच्या अंगाला, सदऱ्याला, जेवणाच्या डब्यालासुद्धा तो वास असायचा. त्यांची बायको म्हणायची, “तुम्ही घरी आलात हे मला दार वाजायच्या आधी कळतं.”

ही कला त्यांना बाईंनी शिकवली. बाई म्हणजे शिल्पकार. सव्वीसातली अकरा शिल्पं त्यांच्या हातची. मेणकाका तेव्हा सत्तावीस वर्षांचे, गवत कापायच्या टोळीत होते. पाठीच्या दुखण्याने यंत्र उचलवेना म्हणून त्यांना टोळीतून काढायचं घाटत होतं. त्याच आठवड्यात बाई टेकडीवर नवं शिल्प बसवायला आल्या आणि मदतीला माणूस मागितला. मुकादमाने नको असलेला माणूस पाठवला.

बाईंनी त्यांच्या हातात ब्रश दिला. त्यांनी सवयीने भिंत रंगवावी तसा सपासप हात मारला.

“अरे, दार रंगवतोयस का?” बाई म्हणाल्या. “घरी लहान मूल आहे?”

“मुलगी आहे. चार महिन्यांची.”

“तिला तेल कसं लावतोस?”

“मी नाही लावत. आई लावते तिची.”

“मग आज घरी जाऊन तू लाव. आणि उद्या ये.”

ते खरोखरच घरी जाऊन मुलीला तेल लावून आले. बायकोला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा हात असा काही फिरला की बाईंनी कार्यालयात जाऊन सांगितलं, “हा माणूस मला या शिल्पांसाठी कायमचा हवा.” नोकरी गेली असं धरून बसलेल्या माणसाला त्या एका वाक्याने एकतीस वर्षं दिली. मुलगी शिकली, आज मोठ्या दवाखान्यात परिचारिका आहे. मेणकाका कधी देवळात हात जोडताना दिसले नाहीत, पण बाईंचं नाव निघालं की त्यांचे हात नकळत जुळत.

त्या दिवशी ज्या शिल्पाला त्यांनी पहिल्यांदा मेण लावलं, ती मावशी. चढ संपतो तिथे दगडावर बसलेली, माणसाच्या दीडपट मोठी काशाची बाई. एक चप्पल काढून ठेवलेली, तो पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन तळवा चोळते आहे. दुसरा पाय जमिनीवर, पण टाच किंचित उचललेली. चढून दमलेला माणूस तिच्याकडे बघतो, हसतो, आणि तिच्याशेजारी टेकतो. छत्रीवाले आजोबा तर रोज तिला म्हणायचे, “सरक गं जरा.”

नऊ वर्षांपूर्वी याच आजोबांना मावशीशेजारी बसलेले असताना गांधीलमाशी चावली. कान चांगला मुठीएवढा सुजला. मेणकाकांनी शोध घेतला तर मावशीच्या उचललेल्या टाचेखाली, पेन्सिल जाईल एवढी दोन भोकं होती आणि माश्यांची ये-जा त्यातून चालली होती. त्यांनी माश्यांचा बंदोबस्त केला. मग दोन डब्यांतला, मिसळला की दगडासारखा घट्ट होणारा मसाला एकत्र कालवून भोकं गच्च बुजवली, वर काशाला जुळेल असा रंग दिला, मेण चढवलं. काम इतकं बेमालूम की दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाच जागा सापडेना. त्याचा त्यांना अभिमान वाटला. नोंदवहीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मावशी. टाचेखालील दोन छिद्रे बुजवली. रंग जुळवला.’ आणि विसरून गेले.

निवृत्तीला तेवीस दिवस उरले असताना मावशीच्या घोट्यावर तांबडा ओघळ दिसला.

पुसला, तर चार दिवसांनी पुन्हा. निरखून पाहिलं तर ओघळाखाली केसासारखा तडा गेलेला. अधीक्षक आले, अभियंता आले. अभियंत्याने बोटाने टकटक केलं आणि कागदावर लिहिलं की मुळातलं ओतकाम सदोष दिसतं. पाय निखळून कुणाच्या अंगावर येऊ शकतो, सबब शिल्प गोदामात हलवावं.

अधीक्षक वाईट माणूस नव्हते, पण घाबरट होते. ते मेणकाकांना म्हणाले, “बाईंचं वय झालंय हो आता. तळ्याकाठचं नवं काम त्यांनाच द्यायचं ठरत होतं. पण आधीचं काम असं निघालं म्हटल्यावर वरचे लोक तयार होतील का?”

“बाईंचं काम कच्चं नसतं, साहेब.”

“मग पाय आपोआप फुटला?”

मेणकाकांनी फडक्याने ओघळ पुन्हा एकदा पुसला. संध्याकाळी बाईंचाच फोन आला. ऐंशीच्या घरातल्या, आवाज मात्र तसाच खणखणीत.

“काय रे, ओघळ तांबडा आहे म्हणतात? मग आतल्या लोखंडी सळीला गंज आलाय. पावसानंतर टाचेतून पाणी गळतं ना नीट?”

“टाचेतून?”

“अरे, खाली दोन भोकं ठेवली आहेत मी. ओतीव मूर्ती आतून पोकळ असते. सांध्यांतून, बारीक चिरांतून पाणी आत जातंच. जाईल ते बाहेर यायला वाट नको?”

मेणकाकांना नऊ वर्षांपूर्वीचा मसाला आठवला. “बघून सांगतो, बाई,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मावशीच्या पायाशी चक्क आडवे झाले. आजोबा तेवढ्यात आले. “आज तुम्हीच दमलात वाटतं?” म्हणाले. मेणकाका टाचेखालून अंगठा फिरवत होते. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण मेणाखाली दोन ठिकाणी स्पर्श वेगळा लागला. काशापेक्षा किंचित ऊबदार. त्यांनी पायाच्या नडगीवर बोट वाजवलं. पोकळ भांड्यासारखं वाजायला हवं होतं. भरल्या घागरीसारखं वाजलं.

त्यांनी बाईंना फोन केला नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी ताटात भाजी तशीच राहिली तेव्हा बायकोने विचारलं, “काय झालंय? निवृत्तीचं दुःख म्हणावं तर गेलं वर्षभर तुम्ही दिवस मोजताय.”

त्यांनी सगळं सांगितलं.

“म्हणजे तुम्ही तिच्या पोटात नऊ वर्षं पाणी कोंडलंत.”

“पायात.”

“तेच ते. आणि आता दोष कुणावर जाणार?”

“बाईंवर.”

“कुणाला माहीत आहे हे?”

“कुणाला नाही. नोंदवहीत आहे, पण ती कोण उघडतंय? शिल्प गोदामात गेलं की संपलं.” ते खाली बघत म्हणाले, “एकतीस वर्षांत एक शेरा नाही माझ्या नावावर. निरोपाला साहेब बोलणार आहेत. मुलगी सुट्टी काढून येणार आहे.”

बायकोने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. “मुलीला पहिल्यांदा तेल लावलंत तेव्हा हात थरथरत होता तुमचा. मी दारातून बघत होते. बाईंनी त्या दिवशी पाठवलं नसतं तर तुमचा तो हात मला कधी दिसला नसता.” मग उठता उठता म्हणाली, “मला काय, भाषण ऐकायला नवी साडी नेसून येणार होते. शेरा पडला तर जुनी नेसून येईन.”

बाई दुसऱ्या दिवशी स्वतःच आल्या. काठी टेकत, दर वळणावर थांबत चढ चढल्या. मावशीपाशी अधीक्षक, अभियंता आणि कारण नसताना आजोबा उभे होते. मेणकाका नोंदवही काखेत मारून जरा लांब.

“फोन केला नाहीस,” बाई त्यांना म्हणाल्या. “म्हणून म्हटलं आपणच जावं.”

मेणकाकांना मान वर करवेना.

बाई मावशीशेजारी टेकल्या. अभियंत्याचा कागद त्यांनी दोनदा वाचला. टाचेतल्या भोकांचं नाव काढलं नाही. मग अधीक्षकांना म्हणाल्या, “तेव्हाची भट्टी लहान होती. सांधा कच्चा राहिला असेलही. आता इतक्या वर्षांनी मी कशाच्या जोरावर नाही म्हणू? दोष माझा असं लिहून देते. पण तिला गोदामात टाकू नका, एवढं करा. पेन आहे का कुणाकडे?”

आजोबांनी खिशातलं पेन काढलं.

“बाई, लिहू नका,” मेणकाका म्हणाले.

आवाज इतका मोठा निघाला की ते स्वतःच दचकले. पुढे येऊन त्यांनी नोंदवही उघडून अधीक्षकांच्या हातात दिली आणि ओळीवर बोट ठेवलं. “ओतकाम पक्कं आहे, साहेब. पाणी जायची वाट मी बंद केली. माश्या होत्या म्हणून. विचारलं नाही कुणाला.”

अधीक्षकांनी ओळ वाचली. “आणखी कुठे असं केलंय?”

“चार ठिकाणी. दोन म्हाताऱ्या, कासव, आणि खालच्या बागेतला बासरीवाला. मावशी धरून चार.” त्यांना सगळं पाठ होतं. “एकदा भोकं दिसायला लागली की मला चैन पडेना. सगळं स्वच्छ दिसावं वाटायचं.”

आजोबांनी पेन हळूच खिशात ठेवलं. “म्हणजे माझ्या कानापायी?” ते पुटपुटले.

बाई मेणकाकांकडे वळून म्हणाल्या, “हत्यारं आणली आहेस?”

“आणली आहेत.”

“मग काय बघतोस? तूच बुजवलंस, तूच उघड.”

मेणकाका पुन्हा मावशीच्या पायाशी आडवे झाले. बारीक गिरमिटाने मसाला कोरू लागले. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मग मुलीला तेल लावायचा तोच पातळ, हलका हात फिरवला. पहिलं भोक मोकळं झालं तशी तांबडी चिळकांडी थेट त्यांच्या तोंडावर आली. आजोबा धावत जाऊन माळ्याची बादली घेऊन आले. बादली भरली. दुसरी अर्धी झाली तेव्हा धार थांबली आणि थेंब पडू लागले.

अभियंता खाली वाकून बघत होता. त्याने आपला कागद घडी करून खिशात घातला. “सळी काढून स्टेनलेसची बसवता येईल,” म्हणाला. “तडा सांधता येईल. हलवायची गरज नाही.”

मेणकाका उठून बसले. तोंडावरून गंजाचं पाणी ओघळत होतं. बाईंनी आपल्या पदराने त्यांचं कपाळ पुसलं.

“चुकलो, बाई.”

“मेण शिकवलं, भोकं नाही शिकवली. अर्धी चूक माझी.”

“अर्धी नको. मसाला माझा, रंग माझा. पूर्ण माझीच राहू द्या.”

“बरं बाबा, ठेव तुझ्याकडे.” बाई हसल्या. “पण एक ऐक. माझी अकरा मुलं या टेकडीवर आहेत. मी वर्षातून एकदा यायची, पाहुण्यासारखी. रोजचं तू केलंस. आज एकीचा पाय दुखावला म्हणून मी तुझी एकतीस वर्षं विसरू? मी आज खरं तर तुझे आभार मानायला आले होते. पायाचं काम तर वाटेत लागलं.”

मेणकाकांचे हात नेहमीसारखे जुळायला गेले, पण दोन्ही चिखलात माखलेले. तसेच जुळले.

शेरा पडायचा तो पडला. अधीक्षकांनी तो लिहिला आणि खाली हेही लिहिलं की चूक कामगाराने स्वतः होऊन सांगितली. निरोपाला त्यांनी भाषणात दोन्ही वाचून दाखवलं. घाबरट माणसाच्या मानाने हे धाडसच. मुलगी आली होती. बायको नवीच साडी नेसून आली. बाईंना तळ्याकाठचं काम मिळालं. शेवटच्या आठवड्यात मेणकाकांनी उरलेली तिन्ही शिल्पं मोकळी केली, आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर, मागून येणाऱ्यासाठी, काशाच्या प्रत्येक शिल्पाची भोकं कुठे आहेत ते लिहून ठेवलं. तळाशी एक ओळ: ‘ही बुजवू नयेत. माश्या आल्यास जाळी लावावी.’

आता ते टेकडीवर रिकाम्या हाताने जातात. बायकोला सोबत नेतात. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी त्यांना धीर धरवत नाही. चहा अर्धा टाकून निघतात.

परवा असेच दोघं मावशीपाशी टेकले. बायकोने वाकून टाचेखाली तळहात धरला.

“गळतंय हो,” ती म्हणाली.

“किती?”

“चांगलं टपटप.”

मेणकाकांनी मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवला. “गळू दे,” ते म्हणाले, आणि थेंब थांबेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.