काकूंचं बारी दर्शन

कुणाच्या घराचं दार चार बोटं जरी उघडं राहिलं, तरी त्या फटीचं सोनं करणारं माणूस आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंशिवाय अख्ख्या कतारमध्ये दुसरं सापडायचं नाही. फिरायला निघालेली माणसं दुकानं बघतात, समुद्र बघतात, नाहीतर मोबाइल बघतात. काकू घरं बघायच्या. दोहातल्या अल थुमामात आमच्या बाजूला बंगल्यांच्या कंपाउंडच्या भिंती उंच, गेट बंद, आणि तरी कुठल्या घरात काय चाललंय ते काकूंना ठाऊक असायचं. "ह्यांच्याकडे बाळ आलंय बघ," असं म्हणून त्या गच्चीकडे बोट दाखवायच्या, आणि खरंच तिथल्या दोरीवर तळहाताएवढी झबली फडफडत असायची. दोहात कारणाशिवाय पायी चालणारं माणूस दिसलं की लोकांना काळजी वाटते. एखादी मोठी गाडी थांबायची, काच खाली व्हायची आणि आतून कुणीतरी विचारायचं, "मॅडम, एव्हरीथिंग ओके?" काकू हात हलवून सांगायच्या, "शुक्रन, शुक्रन! ओन्ली सीइंग." शेजारी उभी राहून मी तोपर्यंत ओढणीत तोंड लपवलेलं असायचं.

प्रेक्षणीय स्थळांबद्दल मात्र त्यांची मतं कडक होती. एकदा आम्ही सगळे कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालच्या पुढे एक जुना किल्ला बघायला गेलो. बाबांनी बुरुजांचे फोटो काढले, आईने आमचे काढले. काकू कुठे दिसेनात. त्या सापडल्या रखवालदाराच्या केबिनपाशी. त्याची गादी, त्याचा आरसा, त्याची किटली, किटलीचं तुटलेलं आणि तारेने बांधलेलं झाकण असं सगळं त्यांचं बघून झालं होतं. "किल्ल्यात काय बघायचं?" त्या म्हणाल्या. "राहतंय का कुणी त्यात?" संग्रहालय झालेल्या एका जुन्या वाड्यात तिथल्या गाइड मुलीने छताच्या नक्षीबद्दल मन लावून माहिती सांगितली आणि काही प्रश्न आहेत का विचारलं. काकूंनी विचारलं, "आंघोळीला पाणी कुठून आणायचे?" त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "जिथे कपडे वाळत नाहीत, ते बघून काय करायचं?"

त्यामुळे संक्रांत हा त्यांचा सर्वात मोठा सण. हळदीकुंकवाला कुणी नाही म्हणत नाही, आणि एकदा आत शिरलं की बाईमाणसाला स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं. काकू रथसप्तमीपर्यंत ओळखीपाळखीतली सगळी मराठी घरं पालथी घालायच्या आणि लिफ्टमधून वर जाताना मला त्यांचं सार ऐकवायच्या. "डबे एका रांगेत, पण आत डाळी संपलेल्या. नवराबायकोचं बोलणं बंद दिसतंय." नंतर ते खरंच निघायचं. त्यांचा एक नियम होता. कुठलंही गाव बघितलं असं म्हणायचं असेल, तर त्या गावातल्या एका तरी घरात बसून पाणी प्यायला हवं. हॉटेलातलं चालत नाही. हातात बाटली दिली तर तेही नाही. घरात, बसून.

मी त्यांच्या अगदी उलट. माझा जन्म इथला, शाळा इंग्लिश मीडियमची. मला लोकांकडे बघायला आवडतं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलेलं आवडत नाही. काकू मला मौनीबाबा म्हणायच्या. "तुम्ही इंग्लिश मीडियमची मुलं उत्तरं छान देता गं," त्या म्हणायच्या, "पण प्रश्न म्हणून विचारत नाही."

काकांचं बांधकाम कंपनीतलं काँट्रॅक्ट संपलं आणि उन्हाळ्यात कायमचं साताऱ्याला परतायचं ठरलं, तेव्हा काकूंनी जाहीर केलं की त्याआधी त्यांना इटलीतल्या बारी गावाला जायचंय. रोम नाही, व्हेनिस नाही, बारी! दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत असताना त्यांनी एका मासिकात त्या गावाचा फोटो बघितला होता. अरुंद गल्ली आणि वर या घरापासून त्या घरापर्यंत चादरीच चादरी. "एवढे कपडे मी जन्मात बघितले नाहीत," त्या आईला म्हणाल्या. काका कामाच्या हँडओव्हरमध्ये अडकले होते, आणि शिवाय त्यांना चालायचा कंटाळा. मग माझी ऑफिसची रजा शिल्लक आहे हे आईनेच सांगून टाकलं. निघायच्या आदल्या दिवशी चिवड्याच्या पुड्या बॅगेत भरताना काकू म्हणाल्या, "आता साताऱ्याला गेले की सासूबाई आहेत, माझे गुडघे आहेत. परत कुठे जाणार मी? हे शेवटचं गाव. इथे पाणी प्यायले नाही तर मात्र जिवाला लागेल."

बारीचा किल्ला भलामोठा आहे. काकूंनी त्याच्याकडे पाठ करून समोरची बाल्कनी बघितली. एका संताची समाधी असलेलं प्राचीन चर्च आहे, तळघरात डोळे मिटून बसलेली माणसं आहेत. तिथे मात्र काकूंनी नमस्कार केला, मग हळूच विचारलं, "हे एवढे खांब पुसतं कोण?" किल्ल्यासमोरच्या कमानीतून आम्ही जुन्या गावात शिरलो आणि काकू जागच्या जागी थांबल्या. गल्लीत प्रत्येक दारासमोर टेबल, टेबलापाशी एकेक बाई, आणि बाया सपासप कणकेच्या वळीचे तुकडे करून सुरी आणि अंगठा यांच्यामध्ये दाबून त्यांच्या इवल्याशा वाट्या करत होत्या. शेजारी जाळीच्या ताटांत त्या वाट्या वाळत पडल्या होत्या.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "नखुल्या! गल्लीत लग्न आहे."

"काकू, तो पास्ता असेल."

"तुला काय कळतंय? वळवट घातलंय हे, लग्नाच्या खिरीचं. केवढं मोठं लग्न असेल, अख्खी आळी बसलीय करायला." आणि मला काही कळायच्या आत त्या पहिल्या टेबलापाशी जाऊन, मोबाइलवर शिकलेल्या चार शब्दांतला एक वापरून अभिनंदन करत्या झाल्या. "मात्रिमोनियो! ब्राव्हो, ब्राव्हो!" त्या बाईने आधी मागे वळून बघितलं, मग शेजारणीला हाक मारली. कुणाचं लग्न यावर थोडा वेळ गल्लीत चर्चा झाली. शेवटी एक जाडजूड बाई पोट धरून हसत म्हणाली, "नो मात्रिमोनियो! मांजारे!" आणि घास तोंडात घालायची खूण केली. काकूंना हे पटलं नाही. लग्नकार्य नसताना रोज कोण एवढा उपद्व्याप करेल? तरी त्यांनी हात धुऊन घेतले, वळी मागून घेतली आणि अंगठ्याच्या नखाने सुरी न लावता भराभर नखुल्या पाडल्या. बाया जमल्या, टाळ्या झाल्या, त्यांनी काकूंचा अंगठा धरून सगळ्यांना दाखवला. मग वाळलेल्या पास्त्याची एक पिशवी बांधून काकूंच्या पुढे केली, आणि किंमत सांगितली.

"गिऱ्हाईक समजतात गं मला," काकू पडलेल्या चेहऱ्याने म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी देवच धावून आल्यासारखं झालं. वरच्या मजल्यावरून उशीचा अभ्रा आमच्या पुढ्यात पडला. काकूंनी तो प्रसादासारखा दोन्ही हातांत घेतला, झटकला, घडी घातली, केस सारखे केले आणि जिन्याचं दार कुठे ते शोधायला लागल्या. तेवढ्यात वरून दोरीला बांधलेली टोपली सुळकन खाली आली. वरची बाई टोपलीकडे बोट दाखवत होती. काकूंनी नाइलाजाने अभ्रा टोपलीत ठेवला, त्यावर चिवड्याची एक पुडी ठेवली. टोपली वर गेली, बाईने "ग्रात्सिए" म्हणून खिडकी लावली, आणि काकू खालीच राहिल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची आमची गाडी होती. दुपारी गाव झोपलेलं. खिडक्या लागलेल्या, टेबलं आत गेलेली, फक्त कपडे जागे. काकूंना कोपऱ्यापलीकडून भांड्यांचा आवाज आला म्हणून त्या तिकडे गेल्या. "तू बस इथेच, तुझ्या तोंडाकडे बघून लोक दारं लावतात," असंही म्हणाल्या. एका दाराबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्यावर मी बसले. थोड्या वेळाने दाराचा पडदा हलला आणि एक म्हातारी बाई बाहेर आली. मी सॉरी म्हणत उठले. तिने खांद्याला धरून मला परत बसवलं, माझ्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघितलं, काहीतरी पुटपुटली, आणि पडदा बाजूला धरून म्हणाली, "व्हिएनी, व्हिएनी." आत ये. हाताने पेला तोंडाला लावायची खूणसुद्धा केली.

समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत "नो, थँक यू" म्हणायची मला सवय आहे. ते ओठांवर आलंही होतं. कोपऱ्याकडे बघितलं, काकू दिसत नव्हत्या. म्हातारी पडदा धरून उभी होती, पण ती किती वेळ उभी राहणार?

"काकूऽऽ!"

गल्लीत तो आवाज इकडून तिकडे आपटत गेला. वरच्या दोन खिडक्या उघडल्या. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कुणाला हाक मारली नव्हती, रस्त्यात तर नाहीच. काकू गुडघ्यांसकट धावत आल्या. "काय झालं? पडलीस? पर्स गेली? कोण काय बोललं?"

"काकू," मी म्हणाले, "पाणी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

आत एकच मोठी खोली होती. पलंग, टेबल, कपाट, एका माणसाचा फोटो आणि त्याच्याखाली लुकलुकणारा छोटा दिवा. मला वाटलं, आता काकू कपाट उघडणार, डबे मोजणार. काकू खुर्चीवर ताठ बसल्या. पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी सगळं पाणी हळूहळू संपवलं. चिवडा दिला. म्हातारीला ठसका लागला, ती हसली आणि तिने आणखी मूठभर घेतला. मग काकूंनी मला एकच प्रश्न विचारायला सांगितला: इथे किती वर्षं राहता? मी मोबाइलमधून तो ऐकवला. म्हातारीने पलंगावर थोपटलं, मग बाळ जोजवल्यासारखे हात हलवले. ती त्याच पलंगावर जन्मली होती. भिंतीवर जागोजागी खिळे होते, काहींवर गाळणी, टोपी, माळ, काही नुसतेच. काकू त्या खिळ्यांकडे बघत राहिल्या.

तेव्हा मला त्यांचा दोहातला फ्लॅट आठवला. फर्निश्ड, सगळं मालकाचं, आणि भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. लग्नाचा फोटो टीव्हीमागे टेकवून उभा, देव बुटांच्या कपाटावर. हे सगळं मी कित्येकदा बघितलं होतं. मला वाटायचं, ती त्यांची आवड असेल.

स्टेशनवर जाण्याआधी आम्ही समुद्राच्या कडेने चाललो. शेवटी मीच विचारलं. "झालं ना काकू, बघून बारी?"

"झालं," त्या म्हणाल्या. पुष्कळ पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "दिवा न लावता ती बाई त्या घरात फिरत असेल गं. कशालाही न धडकता."

आता त्या साताऱ्याला असतात. काकांनी खूप वर्षांपूर्वी घेऊन कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट होता, त्यात. मधूनमधून मी फोन करते. वरच्या मजल्यावरच्यांच्या सुनेने गॅसची शेगडी बदलली, समोरच्यांच्या पडद्यांवर मोर आहेत, खालच्या मास्तरांच्या घरात दोन फ्रीज आहेत आणि माणूस एकच, हे सगळं त्या सांगतात. परवा मी मध्येच विचारलं, "आणि काकू, तुमचं घर कसंय?"



"बरंय," म्हणाल्या. "अजून ओळख व्हायचीय आमची."