तांब्याचो की तांबडो

माझी नात सावंतवाडीत कॉलेजला जाते. रविवारी तिची मित्रमंडळी आमच्या पडवीत पट आणि फासे घेऊन बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. त्या रविवारी गोष्ट पहिल्यांदाच नातीकडे होती. मी जन्मभर लाकडी खेळणी रंगवली, म्हणून पटावर ठेवायचा गोष्टीतला ड्रॅगन तिने माझ्याकडे मागितला.

"तांब्याचो व्हयो हां, आजोबा. तांब्याचो बरो आसता, मस्करी करता, वाट दाखयता. तांबडो गावच्या गाव जाळता."

मी नीट ऐकलं होतं. पण डब्यातला तांब्याचा रंग वाळून गेलेला आणि बाजारात जायचा कंटाळा आला. खेळातला प्राणी, कोण एवढं बघतंय, म्हणत तांबडा मारला. तिने खूण केल्यावर मीच तो पटावर ठेवला.

"तांबडो इलो, मारा तेका," एक जण ओरडला.

"थांबा रे, ह्यो तांब्याचो," नात म्हणाली.

"पटावर दिसता ता खरा. जी खेळ चालवता तिकाच रंग कळनत नाय."

चहा होईपर्यंत वाट दाखवणारा मेला आणि तिची गोष्ट तिथेच संपली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तू तांबडोच म्हटलंस. माका बरा आठवता."

"मीच चुकलंय आसतलंय," ती म्हणाली.

हे वाक्य मला बसू देत नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पुन्हा गोष्ट चालवायला घेतली नाही, पाळी आली की फासे टाकते, एवढंच. मी उठतो, स्वच्छ असलेले ब्रश पुन्हा धुतो, फाटकापर्यंत जाऊन परत येतो. शेवटी बाजारात जाऊन रंग आणला.

आज सगळे जमल्यावर तांब्याचा ड्रॅगन पटावर ठेवला. "तिणा तांब्याचोच सांगितलेला. मी आळस केलंय, वर खोटा बोललंय."

"म्हणजे आमी बऱ्या ड्रॅगनाक मारला?" कोणीतरी विचारलं.

नातीने माझ्याकडे पाहिलं नाही. ड्रॅगन हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मेलो तो मेलो. ह्यो तेचो धाकटो भाव. भावाक शोधूक इलो." तिने तो माझ्यासमोर सरकवला आणि फासे माझ्या हातात दिले. "काय झाला ता तुमीच सांगा तेका, आजोबा."

सगळे थांबलेत. फासे माझ्या हातात आहेत आणि पहिलं वाक्य काही केल्या जुळत नाही.