खूण दिसल्याबिगर

शिरवळच्या ज्या कारखान्यात मी कामाला आहे, तिथे माल वाहायला बिनमाणसाच्या गाड्या आहेत. त्यांना वाट शिकवणं हे माझं काम. खांबांवर चकाकणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. गाडीच्या डोक्यावरचा लेसर गरगर फिरत त्या पट्ट्या बघतो, आतला प्रोग्राम नकाशाशी ताडून बघतो आणि आपण कुठे आहोत ते ठरवतो. नुसते चाकांचे फेरे मोजूनही गाडीला चालता येतं, पण थोडंच, कारण फेऱ्यागणिक चूक साठत जाते. पट्ट्या दिसेनाशा झाल्या की ती जागच्या जागी थांबते आणि माणूस येईपर्यंत हलत नाही. नव्या कामगारांना मी पहिल्याच दिवशी दम देतो, एकही पट्टी हलवायची नाही.

आई गेली, मेंढरं गेली, तेव्हा वडिलांना मी जतच्या माळावरून इथे आणलं. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. इथे ते विसरायला लागले होते, आणि आपण विसरतोय हे त्यांना कळत होतं. आमच्या कॉलनीतल्या इमारती सगळ्या एकाच रंगाच्या, तिथे शहाणासुरता माणूसही चुकेल. रोज चारला ते कोपऱ्यावर चहाला जायचे. त्यांचं स्वतःचं असं तेवढंच उरलं होतं. परतताना चुकू नये म्हणून त्यांनी प्रत्येक वळणावर एकावर एक दगड ठेवले होते. विजेच्या खांबाशी, गिरणीच्या पायरीखाली, आमच्या जिन्यापाशी. मेंढरं घेऊन फिरताना त्यांची हीच रीत होती.

मला त्याची लाज वाटायची. एका रविवारी संध्याकाळी शेजाऱ्यांनी टोकलं, दगडाला अडखळून त्यांची आई पडता पडता वाचली होती. मी सगळे दगड पोत्यात भरले आणि ओढ्यात टाकून आलो. वडिलांना सांगितलंसुद्धा नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

सोमवारी ते चहाला गेले ते परत आलेच नाहीत. मी त्यांना शोधलं तेही गाडीला शोधावं तसं. हरवलेला माणूस हरवल्या जागीच थांबला असेल असं धरून त्याच त्या गल्ल्या पालथ्या घालत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या एका ढाब्यावरून फोन आला. बायकोने त्यांच्या टोपीत माझा नंबर शिवून ठेवला होता, म्हणून.

ते बाजेवर बसले होते. तळपाय फोडांनी भरलेले.

“आबा, एवढ्या लांब कशाला आला?”

“खूण दिसल्याबिगर वळायचं नसतं रं,” ते म्हणाले. “एक बी खूण न्हवती. मग सरळ चालत ऱ्हायलो.”

तिथेच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी मी नीरेच्या पात्रातून दगड आणले आणि आठवून आठवून त्याच जागांवर रचले. चारला वडिलांना हात धरून खाली नेलं. जिन्यापाशी ते थांबले. वाकून वरचा दगड उचलला, उलटा सुलटा करून बघितला.

“ही खूण आपली न्हवं. दुसऱ्या कुनाच्या कळपाची हाय. तिच्यामागं गेलो तर दुसऱ्याच्याच तळावर जाऊ.”

“आबा, मीच लावलीय.”

त्यांनी दगडावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे.

“तू कवा आलास मेंढरामागं?”

दगड होता तसा ठेवून ते कठड्याला धरत वर गेले. त्यानंतर ते जिना उतरलेले नाहीत. दाराशी खुर्ची टाकून बसतात, आणि चारचा चहा बायको त्यांच्या हातात देते. बऱ्याचदा तो तसाच गार होतो.

कारखान्यात गाडी वाट चुकून थांबली की मी जातो आणि तिला पुन्हा नकाशावर आणतो. दोन मिनिटांचं काम. वडिलांना तसं आणणं मला जमत नाही. त्यांच्या खुणा मी ओढ्यात टाकल्या, आणि हे अजून मी त्यांना सांगितलेलं नाही.