बोटातलं वारं

निवृत्ती चंदगडकर डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या कारखान्यात छपाईच्या मशीनवर आहे. तिलारीचा घाट उतरून तो गोव्यात आला तेव्हा वीस वर्षांचा होता, आज चाळिशी गाठली. सर्वणला विमलाकाकींच्या घरामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको दीपा राहतात. मूळ आडनाव गोंधळी. शाळेच्या दाखल्यावर ते बापानेच बदलून घेतलं होतं.

बाप म्हणजे भैरू गोंधळी. चंदगड भागात एके काळी त्याच्या तुणतुण्याशिवाय लग्नाचा गोंधळ पुरा होत नसे. निवृत्ती चार-पाच वर्षांचा असताना एकदा एका मांडवात बापाच्या मांडीला टेकून झोपला होता, आणि तुणतुण्याची झिणझिण बापाच्या अंगातून त्याच्या कानात उतरत होती. बापाचं वाजवणं त्याला आठवतं ते एवढंच. त्यानंतर वर्षभरातच भैरूने वाजवणं सोडलं. कुणी विचारलं तर उजवा हात पुढे करून म्हणायचा, "बोटात वारं गेलं. आता वाजत न्हाई."

बाराव्या वर्षी निवृत्तीने हट्ट धरला होता, मला शिकवा. तेव्हाही बापाने तोच हात पुढे केला. "हात ऱ्हायला असता तर शिकवलं असतं, पोरा. तू शाळा शीक." निवृत्तीला बापाची कीव आली होती. पुढे कित्येक वर्षं तो बापाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे.

पाच वर्षांपूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला एक पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर तुणतुण्याचं रेखाचित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, तुणतुणे, चौंडके, एकतारी : घरच्या घरी शिका. लेखक, पेडण्याचे एक निवृत्त मास्तर, कृष्णनाथ परब. निवृत्तीने तिथेच उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि ते विकत घेतलं. तुणतुणं कसं धरावं, काडी कशी पकडावी, तार किती ओढावी, सगळं चित्रांसकट दिलेलं. बापाचा हात गेला म्हणून जे हातातून सुटलं ते असं बाजारात पडलेलं मिळेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

कोल्हापूरहून त्याने तुणतुणं मागवलं. पहिली पाळी असली की तीनला सुटायचा, जेवायचा आणि मागच्या पडवीत पुस्तक उघडून बसायचा. एक धडा हातात बसल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, असा नेम. विमलाकाकी सुरुवातीला वैतागल्या.

"काय रे निवृत्ती, हे डांस मारल्यासारखं झिंयझिंय किती दिवस चालणार?"

"अजून सोळा धडे हायत, काकी."

"देवा! मागीर मी माहेरी जाऊन राहते."

पण त्याच काकी पाववाला पोदेर आला की त्याच्यासाठी दोन पाव जास्त घेऊन ठेवत, कारण वाजवायला बसला की हा माणूस चहा विसरायचा.

दोन वर्षांत तो बाराव्या धड्यापर्यंत आला. बारावा धडा आवतनाचा. गोंधळात देवांना बोलावतात त्या वेळचा ठेका. पुस्तकात दिलं होतं : चार आघात, एक मोकळी जागा, मग तीन आघात. निवृत्तीने तो घोटून घोटून पक्का केला. कारखान्यात शिवदास म्हणून आजऱ्याकडचा एक सोबती होता, घरचा संबळवाला. नवरात्रात कारखान्यात देवी बसली तेव्हा दोघांनी मिळून वाजवायचं ठरवलं.

वाजेना. पहिले तीन आघात सरळ जायचे आणि मग संबळ एकीकडे, तुणतुणं दुसरीकडे. शिवदास पुन्हा पुन्हा धरायचा, पुन्हा सुटायचं. मशीनवरची माणसं सभ्यपणाने टाळ्या वाजवून गेली.

"तुझा हात मोकळ्या जागी पडतोय बघ," शिवदास म्हणाला.

"पुस्तकात तसंच हाय."

"मग पुस्तकाला इचार."

निवृत्तीने दोष स्वतःला दिला. लहानपणी शिकायचं ते तिशी उलटून शिकल्यावर असंच होणार. रक्तात असून हातात येत नाही, आपण नुसते नावाचे गोंधळी. पुढची दोन वर्षं तो तेच चार, मोकळं, तीन घोटत राहिला. बोटाला घट्टे पडले. दीपा एकदा म्हणाली, "सासऱ्यांना इचारा की. हात गेला, कान तर गेला न्हाई." तो म्हणाला, "त्यांना कशाला आठवण करून द्यायची? जीव तुटल त्यांचा."

मग गेल्या वर्षी, मधले धडे करत करत, तो एकोणिसाव्या धड्यावर आला. धडा तार उतरते तेव्हा काय करावं याचा होता. त्यात एक वाक्य होतं : 'माझे गुरू सांगत, तार रुसली की तिच्याशी भांडू नये. नुसतं बाजूला बसावं.'

निवृत्तीने पुस्तक मिटलं.

हे वाक्य त्याच्या घरातलं होतं. आई रागावून चुलीपाशी पाठ करून बसली की बाप पोरांना खुणेने बोलवायचा आणि कुजबुजायचा, "तार रुसली. आता भांडायचं न्हाई. नुसतं बाजूला बसायचं." आणि सगळे आईच्या बाजूला ओळीने बसायचे, ती हसेपर्यंत. असं बोलणारा दुसरा माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

त्याने प्रस्तावना उघडली. चार वर्षांत ती त्याने वाचलीच नव्हती. ज्याला शिकायचं असतं तो पहिल्या धड्यापासून सुरू करतो. प्रस्तावनेच्या शेवटी होतं : 'चंदगड परिसरातील एका वयोवृद्ध गोंधळी कलावंतांनी तीन वर्षे मला शिष्य म्हणून पायाशी बसवून घेतले. नाव न छापण्याची त्यांची अट मी पाळत आहे.'

त्या रविवारी तो पेडण्याला गेला. परब मास्तरांचं घर शोधायला वेळ लागला नाही. पंचाहत्तरी ओलांडलेले, पातळ अंगाचे, अगत्यशील गृहस्थ. निवृत्तीने आपण कोण ते सांगितल्यावर ते खुर्चीतून उठलेच.

"भैरूबाबांचे चिरंजीव? अहो, मग आधी का नाही आलात? दोन हजार आठ ते दहा, दर महिन्याचे दोन रविवार मी घाट चढून जायचो. तुमची आई चहा द्यायची. काय माणूस! मला धाकट्या भावासारखं मानायचे."

"ते वाजवायचे?"

"म्हणजे? वाजवल्याशिवाय शिकवणार कसे?"

"उजव्या हातानं?"

मास्तरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी आतून फोन आणला आणि जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं ध्वनिमुद्रण लावलं. आधी कोंबडा आरवल्याचा आवाज आला, मग आईची बांगडी वाजली, मग तुणतुणं. स्वच्छ, धारदार, कुठेही न थरथरणारं. मध्येच बापाचा आवाज, "आता तुमी वाजवा, मास्तर. घाबरू नका."

निवृत्ती ओसरीच्या खांबाला धरून बसला. त्या तीन वर्षांत तो गोव्यातच होता. शिमग्याला, दिवाळीला घरी जायचा, बापाच्या हाताला तेल चोळायचा. आई शेजारी बसून बघत असायची. तीही काही बोलली नव्हती, आणि आता विचारावं तर ती राहिली नव्हती.

"अहो, काय झालं?" मास्तरांनी विचारलं. "पाणी देऊ?"

"न्हाई. हे माझ्या फोनवर पाठवता?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने ते शिवदासला ऐकवलं. कुणाचं आहे ते सांगितलं नाही. शिवदास आवतनाच्या ठेक्यापाशी आला आणि त्याने परत मागे नेऊन ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

"वस्ताद हाय," तो म्हणाला. "पण खोटं वाजवतोय."

"चुकतोय?"

"चुकत न्हाई. चुकणारा माणूस चुकला की पुढं अडखळतो. ह्यो अडखळत न्हाई. जागा मुद्दाम हलवलीया त्यानं, आणि दर खेपेला तिथंच हलवलीया. तू घोटतोस तेच हे, न्हवं?"

निवृत्ती त्या पाळीला पुन्हा मशीनवर उभा राहिला, पण दोन गठ्ठे उलटे छापले. सुपरवायझर ओरडला, ते त्याला ऐकू आलं नाही.

शनिवारी तो तुणतुणं घेऊन गावी गेला. भैरू अंगणात बाजेवर बसला होता. ऐंशीच्या घरातला, पण ताठ. पोराच्या खांद्यावरचं तुणतुणं बघून त्याचा चेहरा बदलला. निवृत्तीने पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही. समोर उकिडवा बसला आणि आवतनाचा ठेका वाजवला. चार, मोकळं, तीन. एकदाही न चुकता.

"हे कुठनं शिकलास?" बाप म्हणाला.

"तुमच्याकडनंच. पेडण्याच्या मास्तरांच्या पुस्तकातनं."

भैरूने बाजेची सुटलेली दोरी ओढून बसवली. मग म्हणाला, "ते खोटं हाय."

"ठावं हाय. दोन वर्सं घोटलं मी ते. माझा हातच वाईट म्हनून रडलो. का खोटं दिलंत?"

"दिलं. मास्तर चांगला मानूस. यायचा, मांडवाबाहेर नव्हं, घरात येऊन माझ्या पाया पडायचा. जल्मात माझ्या कुनी पाया पडलं नव्हतं, निवृत्ती. लोकांनी देवाचं म्हनून बोलावलं आनि जेवायला चपलांपाशी बसवलं. मास्तराला न्हाई म्हनवंना. आनि खरं बी देववंना."

"आनि मला? मला तर खोटं बी दिलं न्हाई. हात दावलात."

"तुला दिलं असतं तर तू दारोदार उभा ऱ्हायला असतास."

"मी उभाच ऱ्हातोय, बाबा. आठ आठ तास, मशीनीपुढं."

"तिथं पगार मिळतोय. कुनी 'वाढा रे गोंधळ्याला' म्हनत न्हाई."

"ते मला इचारायचं होतंत. मी तुमचा हात चोळत होतो. तुमी हसत होता का मनात?"

बापाने मान हलवली. नाही अशी की हो अशी, ते निवृत्तीला आजही नक्की सांगता येत नाही.

"मग खरं कुनासाठी ठेवलंत?"

"कुनासाठीच न्हाई. माझ्यासंगं जाऊ दे."

निवृत्तीने तुणतुणं बाजेवर, बापाच्या मांडीशी ठेवलं. "एकदा वाजवा. शिकवू नका. मला आयकू द्या नुसतं."

भैरूने तुणतुण्याकडे बघितलं. दांडीवरून एकदा अंगठा फिरवला, खुंटी चाचपली. मग उजवा हात मांडीखाली सारला. पुढे केला नाही, बोटांचं नाव काढलं नाही. "ऊन चढायच्या आत निघ," म्हणाला. "गाडी चुकंल."

निवृत्ती निघाला. तुणतुणं बरोबर आणलं, एवढंच तो सांगतो. घाटात गाडीत काय झालं हे विचारलं तर सांगत नाही.

परब मास्तरांना सांगावं की नाही यावर त्याने दोन आठवडे घालवले. शेवटी फोन केला. बापाने ठेक्याची जागा मुद्दाम हलवून दिली होती, ते सांगितलं. मग मास्तर म्हणाले, "मी तीन वर्षं त्यांच्या पायाशी बसलो होतो हो." आणि थोड्या वेळाने, "दुसरी आवृत्ती छापून आलीय. गेल्याच आठवड्यात." त्यांनी विचारलं, खरा ठेका तुम्हाला ठाऊक आहे का? निवृत्ती नाही म्हणाला.

शिवदासने आणि त्याने पुष्कळ करून पाहिलं. मोकळी जागा पहिल्या आघातानंतर ठेवून बघितली, दुसऱ्यानंतर, तिसऱ्यानंतर. तिसऱ्यानंतर ठेवली की संबळाबरोबर ठेका नीट बसतो, सुटत नाही. शिवदास म्हणतो हाच खरा, डोळे झाकून घे. निवृत्ती घेत नाही. बसतो म्हणून तोच, असं कसं म्हणायचं? सांगू शकणारा माणूस एकच, आणि तो सांगणार नाही.

तुणतुणं आता शिवदासकडे आहे. पुस्तकातले एकतारीचे धडे मात्र मास्तरांनी आपल्या पेडण्याच्या भजनी मंडळावरून लिहिले होते, ते सरळ आहेत. निवृत्ती ते शिकला आणि सोमवारी विमलाकाकींच्या भजनात वाजवतो. बरं वाजवतो. काकी पाहुण्यांना सांगतात, "पुस्तकात बघून शिकलाय हां तो, कोणी शिकवलं नाही," आणि त्या कौतुकाने सांगतात, म्हणून तो काही बोलत नाही.

औषधं तो दर महिन्याला न चुकता पाठवतो. रविवारी सकाळी बापाचा फोन येतो तेव्हा तो दीपाच्या हातात देतो. "कामावर गेल्यात," ती सांगते. पलीकडून म्हातारा विचारतो, जेवतो का नीट? झोपतो का? ती त्याच्याकडे बघत हो, हो म्हणत राहते, आणि तो समोरच बसून चवळी निवडत असतो.